हिकोरीचं बाक

बाबांसाठी ओसरीवर उंच बाक हवं होतं, सुरुवात एवढ्यावरूनच झाली. घरातलं जुनं सागवानी बाक बुटकं. त्यावरून उठताना ते दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून जोर लावत, आणि ते बघताना माझ्याच पोटात कालवाकालव व्हायची. आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ कवळ्याला. चवथीला सगळा गोतावळा इथे जमतो, त्यामुळे बाक करायचं तर पाच माणसं एकदम बसली तरी कुरकुरणार नाही असंच करायचं, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

लाकूड मात्र ठरवून आणलेलं नव्हतं. माझा मावसभाऊ घरांच्या आतल्या सजावटीची कामं घेतो. आसगावातल्या एका बंगल्यात जमिनीला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांना मालकाने अमेरिकेतून हिकोरी मागवली होती. काम संपल्यावर इंचाच्या नऊ आणि दोन इंचाच्या तीन फळ्या उरल्या. मिळून साधारण साडेपाच घनफूट. "सुतार हात लावायला तयार नाहीत. तुला नाद आहे, तू घेऊन जा," असं म्हणून त्याने त्या जानेवारीत टेम्पोत घालून पाठवल्या. उतरवताना पहिली गोष्ट जाणवली ती वजन. सागाच्या सवयीने एक टोक उचलायला गेलो आणि हात खालीच राहिला. हिकोरीचं वजन घनमीटरला आठशे किलोच्या घरात जातं, सागाचं साडेसहाशेच्या आसपास.

गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर 'हिकोरी/पिकान' असं दोन्ही लिहिलेलं होतं. हा घोळ व्यापारातला नेहमीचाच आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, अक्रोडाच्या घराण्यातली, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या आणि मधल्या भागातली. ज्याचे पिकान नट आपण आता सुक्या मेव्याच्या दुकानात बघतो ते झाडही हिकोरीच. टेक्सासने १९१९ साली त्याला आपलं राज्यवृक्ष केलं. पण अस्सल हिकोरी म्हणतात त्या जाती थोड्या जड, चिवट आणि जास्त फुगणाऱ्या. पिकानच्या गटातल्या किंचित मवाळ. वखारीत दोन्ही एकत्र विकली जातात. मी फळ्यांची टोकं धारदार पटाशीने साफ केली, पाण्याने ओली केली आणि भिंगातून पाहिली. मोठ्या छिद्रांची रांग, तिच्यापुढे केसाहून बारीक फिकट रेघांची जाळी. काही फळ्यांत छिद्रांची रांग ठळक, काहींत ती हळूहळू बारीक होत गेलेली. त्यावरून आणि वजनावरून मी दोन ढीग केले. सात फळ्या हिकोरी, पाच पिकान. अगदी छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण कामाला एवढी वाटणी पुरली.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरचे लोक सुतारकाम करतात ते मेस्त माझ्या लहानपणापासून येतात. दारं, देव्हारा, चवथीच्या गणपतीवर फळाफुलांनी सजवतात त्या माटोळीची चौकट, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी एका फळीवर रंधा फिरवला. सागावर फिरवला की कसा सळसळ आवाज येतो आणि लांबलचक कुरळी साल निघते. इथे रंधा कर्रकर्र करून थांबला आणि फळीवर बोटाएवढी ढलपी उचकटली गेली. "हें लाकूड न्हय, लोखण," ते म्हणाले. मग त्यांनी टोकाचा भाग जिभेला लावून पाहिला, फळी बोटांनी वाजवली आणि दुसरं वाक्य म्हणाले, जे मी तेव्हा नुसतंच ऐकलं: "हाका तान लागल्या. पावसांत उदक पितलें." याला तहान लागली आहे, पावसात पाणी पिईल.

कठीणपणाबद्दल त्यांचं म्हणणं आकड्यांनीही खरं ठरतं. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक पद्धत आहे: पोलादाची सव्वाअकरा मिलिमीटरच्या आतबाहेरची गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. सागाला हजार पौंडांच्या थोडं वर, पिकानला १८२०, आणि शॅगबार्क जातीच्या हिकोरीला १८८०. कुऱ्हाडीचे आणि हातोड्याचे दांडे, ड्रमच्या काठ्या, जुन्या गाड्यांच्या चाकांचे आरे या लाकडाचे का करत ते त्यातून कळतं. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारी मुलं 'हिकोरी' हा शब्द त्या काठ्यांवर वाचून ओळखतात. गोव्यात हे लाकूड बहुतेकांच्या हाताला लागतं ते एवढंच.

पहिले पंधरा दिवस मी हत्यारं शिकण्यात घालवले. खिळा तर सोडूनच द्या, स्क्रूसुद्धा आधी भोक पाडल्याशिवाय जात नाही. पितळी स्क्रू तीन तुटले, तेव्हा शिकलो की आधी लोखंडी स्क्रू फिरवून वाट करायची, त्याला मेण लावायचं आणि मग तो काढून पितळी बसवायचा. रंध्याचं पातं दर वीस मिनिटांनी दगडावर घासायचं. पातं बाहेर काढायचं ते कागदाच्या जाडीएवढंच. जिथे रेषा उलटसुलट जातात तिथे रंधा नकोच. तिथे मेस्तांनी त्यांचं जुनं हत्यार काढलं, खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा. काच दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी जराशी वाकडी धरून ओढली की पिठासारखी बारीक साल निघते आणि पृष्ठभाग आरशासारखा होतो. दुकानातलं पोलादी स्क्रेपर मी नंतर आणलं, पण हिकोरीवर काचेइतकं गोड काम त्याने केलं नाही.

फेब्रुवारीअखेर बाक उभं राहिलं. पाच फूट लांब, बैठक जमिनीपासून वीस इंच. पाय दोन इंची हिकोरीचे, त्यांना आरपार भोक पाडून आडपट्ट्यांच्या जिभा बसवलेल्या. बैठकीला मी मेहनतीने एक चौकट केली आणि आत फळ्या एकमेकींना चिकटवून तेरा इंच रुंदीचा एकसंध पाट बसवला. चौकटीच्या खाचेत चारही बाजूंनी गोंद भरला, तसूभर फट ठेवली नाही. बाबा त्यावर बसले, हात टेकून सरळ उठले, आणि पुन्हा बसले. आईने पायांना हळदकुंकू लावलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. भिंतींना घाम, कपाटातल्या चपलांना बुरशी. रात्री ओसरीवरून काठी मोडावी तसा आवाज आला. मांजर असेल म्हणून कोणी उठलं नाही. सकाळी पाहिलं तर चौकटीचा उजवा कोपरा उघडला होता. लांबीची पट्टी आठ मिलिमीटर बाहेर सरकलेली, आतली जीभ उभी चिरलेली, आणि पाट मधोमध कासवाच्या पाठीसारखा वर आलेला. मी फळ्यांवर हात फिरवला. त्या ओल्या नव्हत्या, नुसत्या गार होत्या.

पूर्वी दगडाच्या खाणीत भेगेत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकून वर पाणी ओतत, आणि फुगणारं लाकूड दगड फोडायचं. माझ्या चौकटीत मी नेमकी तशी पाचर भरली होती.

त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. ओलावा मोजायचं पिनवालं मीटर मागवलं. पाटाचा ओलावा १७ टक्के निघाला. या फळ्या भट्टीत वाळवून येतात, बहुतेक ६ ते ८ टक्क्यांवर, अमेरिकेतल्या हिवाळ्यात तापवलेल्या घरांसाठी. माझ्याकडे आल्या आल्या मी त्या दोन आठवड्यांत कापायला घेतल्या होत्या. म्हणजे त्यांना इथली हवा लागलीच नव्हती. हिशेब सोपा आहे, पण मी तो आधी केला नव्हता: ओलावा १ टक्का वाढला की हिकोरीची आडवी कापलेली फळी रुंदीत सुमारे ०.४ टक्के वाढते. नऊ टक्के वाढले म्हणजे तेरा इंचांच्या पाटाला जवळजवळ बारा मिलिमीटर, अर्ध्या इंचाला थोडं कमी. सागाची वाढ याच्या निम्म्याहूनही कमी असते. आपल्याकडचे जुने सुतार कमी फट ठेवूनही निभावून नेतात, त्यामागे सागाचा हा शांत स्वभाव आहे. शेकडो वर्षं आपल्या पावसाशी जमवून घेतलेलं लाकूड ते. हिकोरीचा दोष नाही. ती परक्या हवेतून आली होती आणि मी तिला विसावा न देताच कोंडलं.

बैठक सोडवली, पाय तसेच ठेवले. पायांना काहीही झालं नव्हतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. लाकूड लांबीत जवळपास वाढतच नाही, आणि दोन इंच रुंदीच्या पायात जी थोडी वाढ झाली ती जोडाला उलट आवळूनच गेली.

उरलेल्या फळ्या मी पडवीत रचल्या. खाली विटा, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, म्हणजे वारा सगळीकडून फिरेल. एका तुकड्याच्या टोकांना मेण फासलं आणि दर रविवारी सकाळी आईच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलू लागलो. हा तुकडा फेब्रुवारीत उरलेला, तेव्हापासून मी तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. तो ८४२ ग्रॅम होता. आता तो पिशवीतून काढून ठेवला. ऑगस्टच्या अखेरीस त्याने ९१० ग्रॅम गाठले. ६८ ग्रॅम पाणी, नुसतं हवेतलं. मेस्तांनी जिभेला लावून जे सांगितलं होतं ते मला काट्यावर दिसलं. मग ऑक्टोबरात ऊन पडलं, आकडा उतरू लागला, आणि जानेवारीत ८७८ वर येऊन थांबला. साडेबारा टक्के ओलावा. आमच्या ओसरीसाठी हीच मधली जागा. इथून पावसात चार टक्के वर, आणि उन्हाळ्यातही फार खाली नाही. दुसऱ्यांदा कापायला मी त्या दिवशी घेतलं.

या वेळी बैठक एकसंध केली नाही. पाच लांब पट्ट्या, प्रत्येक तीन इंच रुंद, मध्ये पाच मिलिमीटरची फट. खालच्या आडपट्ट्यांवर प्रत्येक पट्टी फक्त मधोमध एका स्क्रूने धरलेली, म्हणजे तिला दोन्ही कडांना पसरायला वाट आहे. तीन इंचांच्या पट्टीला चार टक्क्यांच्या फरकात सव्वा मिलिमीटर वाढायचं असतं. फट ते सहज झेलते.

पाठीसाठी मला वाकवलेल्या पट्ट्या हव्या होत्या, बाबांच्या कमरेला आधार देतील अशा. वाफेवर वाकवायला हिकोरीसारखं लाकूड थोडंच असेल, पण ते भट्टीत न वाळवलेल्या लाकडाबद्दल खरं. भट्टीतली फळी वाफेवरही हट्टी राहते. पहिल्या दोन पट्ट्या साच्यावर ओढताच बाहेरच्या अंगाला तडकल्या. मग उरलेल्या मी चार दिवस हौदात दगडाखाली बुडवून ठेवल्या. परसात तीन दगडांच्या चुलीवर पत्र्याचं पिंप, त्याखाली नारळाची सोडणं, पिंपाच्या तोंडाला जाड नळी, आणि नळीचं दुसरं टोक प्लायवूडच्या लांबट पेटीत. इंचाला तासभर वाफ हा जुना दंडक. माझ्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या, म्हणून अर्धा तास. पेटीचं दार उघडलं की मिनिटाच्या आत वाकवायचं, नंतर लाकूड ऐकत नाही. मी जाड हातमोजे घालून पट्टी काढायचो, मेस्त साच्याच्या एका टोकाला ती आवळायचे, आणि मी एका दमात दुसरं टोक खाली दाबायचो. हाताखाली लाकूड मऊ होतं हे जाणवतं. पिठाच्या गोळ्यासारखं नाही, ओल्या वेतासारखं, आतून ताठ पण राजी. बोलायला वेळ नसायचा. नऊपैकी सात नीट वाकल्या. साच्याची वक्रता मी हवी त्याहून थोडी जास्त ठेवली होती, कारण सोडल्यावर पट्टी जरा परत फिरते. आठवडाभर आवळून ठेवल्या. पाठ सात पट्ट्यांची झाली.

याच दिवसांत पिकानच्या एका फळीखाली बारीक भुकटी दिसली, तांदळाच्या पिठासारखी. फळीच्या पांढऱ्या भागात टाचणीच्या डोक्याएवढी चार-पाच भोकं. वाळवी नव्हे. हा लाकूड पोखरणारा छोटा भुंगेरा, जो रुंद छिद्रांच्या लाकडातल्या पांढऱ्या, पिष्ट भरलेल्या भागात अंडी घालतो. तांबूस गाभ्याला तो लागत नाही. बाहेरून येणाऱ्या खोक्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवावं लागतं, भट्टीतली फळीही तापलेलीच असते. त्याने आतली कीड मरते, पण नंतर येणारी थांबत नाही. ती फळी मी लगेच बाहेर नेऊन जाळली. बाकी सगळ्या पट्ट्यांवर पॉलिशच्या आधी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने दोन हात मारले. हिकोरी ओलाव्यात आणि किडीपुढे टिकाऊ नाही, हे तिच्यावर प्रेम असलं तरी सांगायलाच हवं. अंगणात, बागेत, पाऊस लागेल अशा गॅलरीत ती कधीही ठेवू नये. तिथे सागच, नाहीतर आपला फणस.

रंगावरून घरात दोन दिवस चर्चा चालली. हिकोरीच्या एकाच फळीत साईसारखा पांढरा आणि तांबूस तपकिरी असे दोन पट्टे शेजारी शेजारी असतात. वहिनी म्हणाली, "भावजी, सागाचा रंग मारा, घरातल्या बाकीच्या सामानाशी जुळेल." मी टाकाऊ तुकड्यावर मारून दाखवला. छिद्रांत रंग साचून काळे ठिपके, बाकी भाग फिका. मग बाबांनीच निकाल दिला की जसं आहे तसं ठेव. लाखेचं पॉलिश आमच्याकडे दमट हवेत पांढुरकं पडतं, म्हणून उकळलेलं अळशीचं तेल घेतलं. तीन हात, प्रत्येक दोन हातांमध्ये दोन दिवस, आणि जास्तीचं तेल अर्ध्या तासात पुसून काढायचं. एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो: तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. मी ती दोरीवर पसरून वाळवत होतो.

पिकानच्या चार फळ्या उरल्या, त्यातल्या दोनांतून दोन मोढे केले. अमेरिकेच्या डोंगराळ भागात हिकोरीच्या खुर्च्यांची बैठक त्याच झाडाच्या आतल्या सालीच्या पट्ट्यांनी विणतात. साल मला कुठून मिळणार? मी आपला वेत घेतला, आणि विणकाम आमच्या जुन्या वेताच्या खुर्चीवरून बघून केलं. त्यांच्या पद्धतीतली दुसरी गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलली. पायांच्या भोकांत बसायच्या आडव्या दांड्यांची टोकं आधी कडकडीत वाळवायची. मी ती जत्रेत चणे भाजतात तशा तापलेल्या वाळूत कढईत रोवून ठेवली, दोन-दोन तास. टोकं आक्रसतात, मग ती भोकात घट्ट ठोकायची. हवेतला ओलावा घेतला की ती आत फुगून जोड आवळतात. जुलैत ज्या लाकडाने माझी चौकट फोडली, त्याच्याच फुगण्यावर हे मोढे उभे आहेत. आता दोन पावसाळे झाले, एकही दांडी हललेली नाही.

बाकावर गेल्या चवथीला बाबा, दोन काका आणि आत्या एकत्र बसले होते, मधल्या जागेत दोन नातवंडं. जुलैत मी फटी मोजल्या, पाचाच्या पावणेचार झाल्या होत्या. फेब्रुवारीत पुन्हा पाच.

मेस्तांनी पहिल्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं, "एक कुडको म्हाका दवर." त्यांच्या वाकसाचा, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचा, दांडा दर दोन वर्षांनी मोडतो. मी हिकोरीच्या शेवटच्या फळीतून सरळ रेषांचा तुकडा करवतीने न कापता पाचर ठोकून फोडला, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतो. त्यांनी तो पटाशीने आणि काचेने गोल केला, तेल मी लावलं. परवा ते आले तेव्हा वाकस पिशवीत होता. दांडा बाहेर काढून त्यांनी दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, सोडला, आणि परत पिशवीत ठेवला.